मागच्या खोलीतली ओल

१

शाळेतून घरी आले की मी आधी दोरीवरचे कपडे बघते. उसाचे फड पेटवायचे दिवस असले की आमच्या एशोवे गावाच्या उतारावरून काळी राख उडत येते आणि पांढऱ्या चादरींवर अलगद बसते. झटकली तर जाते, चोळली तर कायमची राहते. म्हणून पिशवी कट्ट्यावर, बूट पायरीवर आणि मी अंगणात. चादरी काढून झाल्या की चहा, चहाबरोबर मुलांच्या वह्या. नवरा अपघातात गेला, लेक ओवेथू शिकायला डर्बनला गेली, तेव्हापासून माझा हा क्रम क्वचितच मोडला असेल.

ऑगस्टमध्ये मोडला.

मी सातवीला शिकवते. विज्ञान, आणि जीवनकौशल्य नावाचा एक तास. त्या तासाला एचआयव्हीचा धडा असतो. तो मी इतकी वर्षं शिकवलाय की खडू हातात घेतला की ओळी आपोआप फळ्यावर उतरतात. लागण झाल्यावर काही आठवड्यांत ताप, घसादुखी, मानेत गाठी, अंगावर पुरळ. फ्लूसारखं वाटतं. मग आपोआप बरं वाटतं, आणि माणूस विसरून जातो. त्या वर्षी हा धडा मी सोमवारी शिकवला आणि त्याच आठवड्यात अंथरूण धरलं.

थुंकी गिळताना घशात काचा फिरायच्या. कानांखाली पावट्याएवढ्या गाठी आल्या. पहाटे उठायचे तर गाऊन पिळून काढावा इतका घाम. न्हाणीतल्या आरशात छातीवर पुरळ दिसलं. खाजत नव्हतं, दुखत नव्हतं, नुसतं होतं. मी गाऊनची बटणं लावली आणि आरशाला म्हणाले, "फ्लू."

लिंडानी नावाचा माणूस माझ्या आयुष्यात येऊन वर्षभर होऊन गेलं होतं. तो शेतांना कुंपणं घालायची कामं घेतो. कामावर असला की तिथेच कुठेतरी तंबू ठोकून राहतो. भला माणूस. सुरुवातीला आम्ही काळजी घ्यायचो. मग काळजी घेण्याचीच लाज वाटायला लागली. एकमेकांवर भरवसा नाही असं दिसतं ना.

एका दुपारी नळ बंद करावा तसा ताप उतरला. कडकडून भूक लागली. मक्याचा भुगा आंबट दुधात कालवून वाडगाभर खाल्ला आणि घर आवरायला घेतलं. मागच्या खोलीची किल्ली खिळ्यावर होती. ही खोली नवऱ्यानं भाड्यासाठी बांधली होती, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. शेवटची भाडेकरीण पोलिसात होती, ती हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून-जुलैत, बदली होऊन गेली. तेव्हापासून खोलीला कुलूप. आत लोखंडी पलंग, गादी, उशी आणि मीच धुवून घातलेली चादर.

खिडकी उघडायला वाकले तेव्हा आधारासाठी पलंगावर हात टेकला.

चादर ओली होती.

२

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे आधी वर बघितलं. पत्र्याला भोक नव्हतं. पाऊस तर कित्येक आठवड्यांत नव्हता. त्या खोलीत नळ नाही, भिंतीतून पाइप जात नाही. बंद खोलीत दमट हवा साचली असेल, असं म्हणून मी चादर धुतली, गादी उन्हात टाकली, संध्याकाळी परत आत नेऊन कोरडी चादर घातली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, आणि दोरीकडे न जाता सरळ तिकडे गेले. चादर पुन्हा ओली. या वेळी मी खिडकी उघडून नीट बघितलं. ओल सगळीकडे नव्हती. मधोमध होती, आणि तिला आकार होता. भिंतीकडे तोंड करून कोणीतरी कुशीवर झोपलं होतं, गुडघे पोटाशी, एक हात उशीखाली.

मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट.

मीही तशीच झोपते. हे कबूल करायला मला वेळ लागला. कबूल केल्यावर मी स्वतःला विचारलं, झोपेत उठून इथे येत असशील का? तर किल्ली खिळ्यावर जशीच्या तशी होती आणि सकाळी माझ्या तळव्यांना अंगणातली माती नव्हती. शिवाय सकाळी शाळेत जाताना चादर कोरडी असायची, ती भिजायची मी वर्गात उभी असताना. एकदा मधल्या सुट्टीत धावत येऊन बघून गेले. ओल तेव्हा कोमट होती.

आणि मी? मी ठणठणीत होते. घसा मोकळा, अंगावर पुरळाचा मागमूस नाही. ताप गेल्यापासून मला घामाचा थेंब आला नव्हता. मैदानावर मुलांबरोबर भर उन्हात धावले तरी काखा कोरड्या.

३

शेजारची माखोझा शाळेच्या फाटकाशी पिठाचे तळलेले गोळे विकते. तिच्या भाजीचा वाफा माझ्या मागच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. एका दुपारी कुंपणावर हात टेकून ती मला न्याहाळत उभी राहिली.

"काय गं माशेझी, आजारी होतीस ना तू?" आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारतात, मी शेझींची. "हे गाल आजारी माणसाचे नाहीत."

"फ्लू होता. गेला."

"चांगला मानवला. थोडा मलाही दे." मग तिनं आवाज खाली आणला. "तुझ्या पाहुणीकडे मात्र बघ जरा."

"कुठली पाहुणी?"

"मागच्या खोलीतली. दुपारची कण्हत असते. मी पाणी घालत होते तर खोकली. मी म्हटलं, बाई, काही हवंय का? तर एकदम गप्प. शहरातली असणार. ह्यांना शेजारी म्हणजे भिंतच."

"खोलीत कोणी नाही, माखोझा. मांजर शिरत असेल."

"मांजर 'आई गं' म्हणतं का?"

मी हसले. तिनं हसून घेतलं नाही. पालकाची जुडी काढून माझ्या हातात दिली. "माझा भाचा असाच पडून होता," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे छातीचं दुखणं आहे. मीसुद्धा छातीचंच म्हणायचे. रोज सूप न्यायचे आणि छातीचं म्हणायचे. ते दुसरं नाव मी एकदा जरी घेतलं असतं ना, तर मी त्याला पाठुंगळीला मारून दवाखान्यात नेलं असतं."

"पाहुणी नाहीये," मी पुन्हा म्हणाले.

"बरं. पालक तिला दे, तू नको खाऊस. तू बरीच जाड झालीस."

दवाखाना काही लांब नाही. व्हॅनने गेलं की पोचलंच. पण तिथल्या व्हरांड्याच्या टोकाला एक दार आहे आणि त्या दाराबाहेर एक बाक. त्या बाकावर कोण बसलंय ते बाकीच्या सगळ्या रांगेला दिसतं. त्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया असतात. फळ्यावर मी दरवर्षी लिहिते, 'तपासणीला घाबरू नका.' अक्षर छान आहे माझं.

४

शनिवारी लिंडानी आला. मांस घेऊन आला, अंगणात चूल मांडली, शिट्टी वाजवत निखारे फुलवायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते. गालफडं थोडी बसली होती का? की उन्हामुळे तसं दिसत होतं? आता सांगावं, असं तीनदा ओठांवर आलं. प्रत्येक वेळी मी मीठ आणायला आत गेले.

"किती मीठ आणतेस?" तो म्हणाला. "बकरा खारवायचाय का?"

जेवण झाल्यावर तो म्हणाला, मागच्या खोलीच्या दाराची बिजागरी करकरते, तेल देतो. मी नको म्हणायच्या आत किल्ली घेऊन गेला. मी भांडी घासत खिडकीतून बघत राहिले. दार उघडलं. बिजागरी करकरली, मग करकरायची थांबली. तो आत दिसेनासा झाला. बराच वेळ बाहेर येईना.

आला तो सरळ नळावर गेला आणि साबण लावून हात धुवायला लागला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.

"तेल लागलं का?" मी विचारलं.

"हं."

"काय झालं?"

"त्या खोलीत कोण राहतं, फाकाझिले?"

"कोणी नाही."

तो ओले हात झटकत उभा राहिला. "दार उघडं ठेवायला वीट घ्यावी म्हणून पलंगाखाली वाकलो. वाकताना उशीला हात लागला." त्यानं हात शर्टाला पुसले. "गरम होती."

"ऊन येतं तिथे."

"पडदा ओढलेला होता," तो म्हणाला, आणि त्यानं विषय सोडला. इतक्या लगेच सोडला की मला त्याचंच जास्त भय वाटलं. जाताना त्यानं मला जवळ घेतलं तेव्हा मी अंग चोरलं आणि त्यानंही आग्रह केला नाही.

५

सप्टेंबर सरत आला तसा चादरीवरचा आकार रोडावत गेला. आधी खांदा रुंद उमटायचा, आता चादरीवर नुसती हाडं टेकल्यासारखे ठसे. गुडघ्याचा डाग वेगळा, घोट्याचा वेगळा. मी रोज धुवायचे, वाळवायचे, घालायचे. आजारी माणसाचं करावं तसं करायचे, आणि त्याला नाव काही देत नव्हते. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात हिशोब होता. ते दुखणं तिकडे कुलपात आहे तोवर मी इकडे बरी आहे. मग कशाला जायचं दवाखान्यात?

सत्र संपायच्या आधी उजळणी होती. धड्याच्या शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, ताप गेला म्हणजे आजार गेला का?"

"नाही," मी म्हणाले. "आजार आतच असतो."

"मग ताप जातो कुठे?"

पोरं हसली. मी काहीतरी उत्तर दिलं. शरीर, पांढऱ्या पेशी, असलं काहीतरी. घंटेआधीच मी फळा पुसून टाकला.

त्याच दुपारी ओवेथूचा फोन आला. "आई, सुट्टीला शनिवारी येतेय. मैत्रिणीला घेऊन येते, चालेल ना? आम्ही मागच्या खोलीत झोपू. तुझं घोरणं नको."

"मागची खोली नको," मी म्हणाले.

"का? भाडेकरू आहे?"

"तू ये आधी," मी म्हणाले. फोन ठेवला आणि अंगणात आले. कुलूप तसंच होतं. खिडकीच्या पडद्याला बाजूने बोटभर फट होती. मी तिथून आत बघितलं.

पाठ दिसली. अंगात माझा निळा गाऊन. मी चटकन मागे वळून बघितलं, तर माझा निळा गाऊन दोरीवर वाळत होता, त्याच्यावर राखेचे दोन ठिपके. पुन्हा फटीला डोळा लावला. गाऊन पाठीच्या कण्याला चिकटला होता. मानेवरून घाम ओघळत होता. एक हात सावकाश वर आला. मनगट माझ्या शाळेतल्या पोरींच्या मनगटाहून बारीक. दोन बोटांनी त्या हातानं कानाखालची गाठ चाचपली, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मी ताप आलेला असताना तशीच चाचपायचे.

मग बोटं थांबली. कोणी बघतंय हे कळल्यावर माणूस थांबतं, तशी.

ती वळली असती तर काय झालं असतं मला माहीत नाही. वळली नाही. मला दिसली ती फक्त पाठ. त्या पाठीची मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्याहून जास्त लाज वाटली. एवढं दुखणाईत माणूस, आणि मी आठवडेच्या आठवडे नुसत्या चादरी बदलत होते.

"उद्या जाऊ," मी काचेला तोंड लावून म्हणाले. "उद्या सकाळी तुला घेऊन जाते."

६

आमच्याकडे माणूस घराबाहेर मेलं की त्याचा आत्मा तिथून आणायला जावं लागतं. रानबोरीच्या जातीचं एक काटेरी झाड आहे, त्याची फांदी न्यायची. नवरा मेल्मोथच्या रस्त्यावर गेला तेव्हा दिरानं फांदी धरली होती आणि वळणावळणाला तो सांगत होता, दादा, आता पूल आला, आता आपण गाडीत बसतोय, आता घराचं फाटक. फांदी धरणारा दुसऱ्या कोणाशी बोलत नाही. बोलला तर सोबतचा वाट चुकतो.

जिवंत माणसासाठी हे कोणी करत नाही. मलाही ठाऊक आहे. पण दुसरी कुठली रीत मला येत नव्हती.

सकाळी शाळेत निरोप धाडला, ओढ्याकाठच्या झाडाची फांदी तोडली आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं. पलंगाकडे बघितलं नाही. फांदी उंबरठ्यावर टेकवली.

"फाकाझिले," मी म्हणाले, "शेझींच्या लेकी, ऊठ. आपण दवाखान्यात जातोय."

मी मागे न बघता चालायला लागले. "हा उंबरठा. हे अंगण. दोरी आहे, वाक जरा. हे फाटक." माखोझा तळणाची टोपली डोक्यावर घेऊन निघाली होती. तिनं फांदी बघितली, टोपली खाली ठेवली आणि मी पुढे जाईपर्यंत मान झुकवून उभी राहिली.

व्हॅनमध्ये मी दोन जागांचं भाडं दिलं. ड्रायव्हरने फांदीकडे बघून रेडिओ बंद केला. मागून चढलेली एक बाई शेजारच्या रिकाम्या जागेवर बसू लागली, तेव्हा तोच म्हणाला, "तिथे नको मावशी, ती जागा भरलीये." मी हळू आवाजात सांगत राहिले. आता चर्च. आता साखरेचे ट्रक. आता चढ आहे. माझ्या त्या बाजूचा दंड दमट होत चालला होता. मी तिकडे बघितलं नाही.

व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर एक म्हातारी होती आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप. ज्याला भीत होते तेच पुढ्यात. त्यानं मला बघितलं, जमिनीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. "बसा. मी गोळ्या न्यायला येतो दर वेळी."

एवढंच. इतका साधा बोलला की जणू किराणा न्यायला आला होता. मला बोलायची मुभा नव्हती, मी मान हलवली. म्हातारीनं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि बरीच जागा करून दिली.

"बसा गं पोरींनो," ती म्हणाली. "उभ्या किती राहाल."

मी बसले. काही वेळानं दार उघडलं.

सिस्टर गुमेडे धिप्पाड बाई. चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला. तिनं माझ्या हातातली फांदी बघितली आणि आवाज मऊ केला. "कोण गेलं, बाई?"

इथे मला बोलावंच लागणार होतं. मी तोंड उघडलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "अजून कोणी नाही. मला तपासणी करायची आहे."

"मग ती फांदी खिडकीत ठेव आणि बोट दे. काटे मला टोचतील, सुई तुला."

मुंगी चावावी तसं टोचलं. पट्टीवर रक्ताचा थेंब पसरत गेला. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं. एक रेघ उठली. मग तिच्या शेजारी दुसरी. सिस्टरने चष्मा लावून बघितलं, म्हणाली, "दुसऱ्या पट्टीवर खात्री करून घेऊ." तिच्यावरही दोन रेघा.

तेव्हा मला घाम फुटला. कपाळावर, ओठांवर, पाठीवरून धारा. गाठी ठणकायला लागल्या. इतके दिवस दारात थांबलेलं सगळं एकदम घरात शिरावं तसं.

"घाबरलीस, म्हणून," सिस्टर टॉवेल देत म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "हा माझाच आहे."

"मग काय माझा असणार?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ती थांबली. मग मी विचारलं, "मरेन का मी?"

"मरशील. मीही मरेन. पण रोज एक गोळी घेतलीस तर याच्यानं नाही. आजच सुरू करू. रक्त आणखी तपासायला पाठवते. काही महिन्यांत विषाणू इतका दबेल की तपासणीत सापडायचा नाही, आणि तुझ्याकडून दुसऱ्याला लागायचाही नाही." तिनं चष्म्यावरून बघितलं. "हे सगळं तू पोरांना शिकवतेस. माझा नातू घरी येऊन मलाच ऐकवतो."

"फळ्यावर लिहिणं सोपं असतं, सिस्टर."

"असेल. मी दहा वर्षं हे काम करत होते, तरी माझी स्वतःची पट्टी बघायला दुसऱ्या गावी गेले होते. पाणी पी."

बाहेर आले तेव्हा बाकावर म्हातारी एकटीच बसली होती, गाठोडं शेजारी ठेवून. फांदी खिडकीतच राहिली. परत नेण्यासारखं काही नव्हतं. येताना मी एकाच जागेचं भाडं दिलं.

७

त्या दुपारी मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली. चादर कोरडी होती, थंड होती. मी पालथा हात फिरवून बघितला, मग गाल टेकवून. नुसतं कापड.

काही दिवस मला मळमळलं, झोपेत थोडा घाम यायचा, मग तेही थांबलं. लिंडानीला फोनवर सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मधे थांबले असते तर मीठ आणायला गेले असते. पलीकडे फक्त वारा ऐकू येत होता.

"तुझं बोलून झालं?" शेवटी तो म्हणाला.

"झालं."

"मी कुठे तपासणी केलीय कधी," तो म्हणाला. "हिवाळ्यात मलाही ताप होता. तंबूत कोणाला सांगणार." "त्या दिवशी उशीला हात लागला ना, तेव्हाच मी विचारणार होतो. नाही विचारलं. विचारलं असतं तर तूही मला विचारलं असतंस."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं गेलो. त्याचंही तेच निघालं. कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर, हे त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तो अजून येतो. दोघांच्या गोळ्यांना त्यानं फोनवर एकच गजर लावलाय, आणि तो वाजला की मला हाक मारतो.

ओवेथू त्याआधीच्या शनिवारी आली होती. ती आणि तिची मैत्रीण मागच्या खोलीत उशिरापर्यंत झोपल्या, आणि उठल्यावर म्हणाल्या की पलंग छान आहे. मैत्रीण आंघोळीला गेली तेव्हा मी ओवेथूला स्वयंपाकघरात बसवलं. दोन दिवस शब्द जुळवत होते. त्यातला एकही आठवला नाही.

"दवाखान्यात गेले होते मी," मी म्हणाले. "मला एचआयव्ही आहे."

तिनं कप खाली ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, तो मोडेल म्हणून. तिचे डोळे भरले, पण चेहरा मोडला नाही.

"गोळ्या सुरू केल्यास?"

"त्याच दिवशी."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. नाक पुसलं. "आई, आमच्या कॉलेजात दर सत्राला तपासणीची व्हॅन येते, आम्ही सगळ्या मुली रांगेत उभं राहून करून घेतो. मागच्या वेळी तर रांगेतच केस विंचरत होतो एकमेकींचे. तू एकटी गेलीस? मला सांगायचंस, आले असते."

"एकटी नव्हते," मी म्हणाले.

तिला वाटलं, माखोझा असेल. मी तसंच वाटू दिलं.

ती उठून माझ्या मागे आली, खुर्चीच्या पाठीवरून वाकली आणि लहानपणी बिलगायची तशी बिलगली. तिचा हात माझ्या मानेवर होता. बोटं कानाखाली टेकली.

"इथे गाठ आहे," ती म्हणाली. "दुखते?"

"दुखते," मी म्हणाले. खरंच दुखत होती, आणि ते कोणापाशी तरी बोलता आलं याचं मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा एकदा म्हणाले, "हो गं, दुखते."